शेतकरी कुटुंबात कष्टांचीही फेरपालट हवी

बी-बियाणे, खते, औषधे आणि अवजारे यांची चर्चा शेतीविषयक लेखांतून नेहमी होत असते, व ती व्हावयासही हवी. परंतु ही सारी साधने ज्यांच्या हातांनी शेतापर्यंत पोहोचतात, त्या कुटुंबाचा विचार मात्र क्वचितच केला जातो. शेतकऱ्याचे घर म्हणजे केवळ त्याचे विश्रांतिस्थान नव्हे. बियाणे तेथे निवडले जाते, वर्षाचे धान्य तेथे साठविले जाते, गुरांची निगा तेथून राखली जाते, कर्ज काढावयाचे की नाही याचा निर्णय तेथे होतो. आणि पाऊस दगा देतो तेव्हा परस्परांना धीर द्यावयाचा तोही तेथेच. गिरणीतील कामगार पाळी संपल्यावर काम मागे ठेवून घरी येऊ शकतो. शेतकऱ्याचे काम त्याच्याबरोबरच घरी येते.

यास्तव शेतकरी कुटुंबातील सुख, त्याग आणि जबाबदारी यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न निव्वळ घरगुती नव्हे. तो शेतीच्या व्यवस्थापनाचाच एक भाग आहे. एकाच जमिनीत वर्षानुवर्षे एकच पीक घेतले तर जमिनीचा कस उतरतो, हे आपण जाणतो व म्हणून पिकांची फेरपालट करतो. घरातील कष्ट मात्र एकाच माणसाच्या वाट्याला जन्मभर येत असले, तरी तेथे फेरपालट करावी असे आपल्या मनात येत नाही. ती का करावी व कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लहान झालेली शेती, वाढलेला प्रपंच

महाराष्ट्रातील वहितीखालील खातेदाराचे सरासरी क्षेत्र १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकरांवर आले. आजोबांच्या काळी साडेदहा एकरांवर जो संसार चालत होता, तो नातवाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी जमिनीवर चालवावयाचा आहे. शिवाय त्याच्या संसारात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, वीज, प्रवास, दूरध्वनी अशा खर्चाच्या कितीतरी नव्या बाबी आल्या आहेत.

अशा लहान शेतीत घराचा पैसा आणि शेतीचा पैसा निराळा राहत नाही. मुलाच्या शुल्कासाठी खताचे पैसे खर्ची पडतात, तर कधी खतासाठी घरातील दागिना गहाण पडतो. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूस भोवते. मोठ्या जमिनीत एखादा चुकीचा निर्णय पचून जातो. तीन एकरांत तो पचत नाही. म्हणून निर्णय घेताना घरातील सर्व कर्त्या माणसांचे शहाणपण उपयोगात आणणे आज पूर्वीपेक्षाही अधिक अगत्याचे झाले आहे.

दिवसाच्या तासांचा हिशेब

पैशाचा हिशेब पुष्कळ शेतकरी ठेवतात. वेळेचा हिशेब फारच थोडे ठेवतात. खुरपणीच्या दिवसांतील एखाद्या घराकडे पाहिले तर ही गोष्ट ध्यानात येईल. घरातील बाई पहाटे पाचच्या आत उठते. झाडलोट, पाणी, शेणगोठा, धार, चहा, भाकरी, मुलांची शाळेची तयारी, म्हाताऱ्या माणसांचे औषधपाणी एवढे उरकून ती दहाच्या सुमारास शेतात पोहोचते. दिवसभर वाकून खुरपणी करून परतताना तिच्या डोक्यावर वैरणीचा भारा असतो. घरी आल्यावर पुन्हा धार, चूल, भांडी. शेतातील कामाचे तास तिच्या पतीचे व तिचे सारखेच धरले, तरी तिचा दिवस दोन्ही टोकांना लांबलेला असतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीत हीच गोष्ट आकड्यांनी दिसून आली. घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या. पुरुष करीत असल्यास ९७ मिनिटे. परंतु अशी कामे करणारांचे प्रमाण स्त्रियांमध्ये शेकडा ८१.२ होते, तर पुरुषांमध्ये अवघे शेकडा २६.१. म्हणजे चार पुरुषांपैकी सुमारे तिघे या कामांस हातच लावीत नव्हते.

याचा अर्थ पुरुषाला कष्ट नाहीत असा मुळीच नव्हे. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल तर थंडीवाऱ्यात, विंचूकाट्याची भीती बाळगीत पिकाला पाणी द्यावयास तोच जातो. बाजारात माल नेऊन रात्र रात्र पाळीची वाट पाहत बसतो. बँकेत, तालुक्याच्या कचेरीत खेपा घालतो. प्रश्न कोणाचे कष्ट मोठे हा नाही. प्रश्न असा की, घरातील प्रत्येकाचे कष्ट इतरांच्या नजरेस पडतात की नाही.

यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहावा. हंगामाच्या ऐन भरात एक दिवस निवडावा. वहीच्या पानावर घरातील प्रत्येक माणसाच्या नावाचा रकाना आखावा आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत कोण कोणत्या वेळी काय करीत होते ते लिहून काढावे. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्यावे. रात्री ते पान सर्वांनी मिळून वाचावे. उपदेशाने जे पटत नाही, ते या एका पानाने पटते.

पान वाचून झाल्यावर पुढील पाऊल टाकावे. जी कामे जड आहेत परंतु ज्यांना विशेष कसब लागत नाही, उदाहरणार्थ पाणी भरणे, वैरण आणणे, गोठा काढणे, ती आठवड्याच्या पाळीने वाटून घ्यावीत. सोयाबीनमध्ये पेरणीनंतर सुमारे २० ते ४५ दिवसांचा काळ तणाच्या दृष्टीने नाजूक असतो. या काळात स्त्रियांचा सारा दिवस शेतात जातो. निदान तेवढे तीन-चार आठवडे तरी सकाळचा गोठा आणि संध्याकाळचे पाणी पुरुषांनी व मोठ्या मुलांनी आपल्याकडे घ्यावे. सायकल कोळपे, दातेरी विळा, मका सोलणी यांसारखी हलकी अवजारे फार महाग नसतात, आणि ती कंबरेचे व हातांचे श्रम पुष्कळच वाचवितात. शेजारच्या चार घरांनी मिळून सावड केली तर खुरपणी वेळेवर उरकते आणि मजुरीची रोकडही वाचते.

त्याग कोणाच्या वाट्यास येतो?

कुटुंब म्हटले की त्याग आलाच. लेकराच्या तोंडात घास घालण्यासाठी आपला घास मागे ठेवणारे आईबाप सर्वत्र आहेत, आणि समाजाने त्यांचा गौरव केला आहे तो योग्यच आहे. तथापि त्याग हा जेव्हा ठरावीक माणसाचाच धर्म होऊन बसतो, तेव्हा त्याचे रूपांतर झिजेत होते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जेवणाची पंगत. पुष्कळ घरांत पुरुष व मुले अगोदर जेवतात आणि बाई शेवटी उरलेले खाते. भाजी संपलेली असते, डाळीचे पाणी राहिलेले असते. त्याचा परिणाम काय होतो? २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी शेकडा ५४.२ स्त्रियांच्या रक्तात रक्तद्रव्याची कमतरता, म्हणजे पंडुरोग, आढळला. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण शेकडा ६८.९ इतके होते. पंडुरोगाची सारी कारणे पंगतीत नसतात, हे खरे. परंतु अशक्त आईच्या पोटी अशक्त मूल जन्मते, आणि धाप लागणाऱ्या बाईकडून खुरपणीही नेटाने होत नाही, हे कोणीही सांगेल. सर्वांनी एकाच वेळी ताटे घेऊन बसावे, भाजी व डाळ अगोदरच सारखी वाढून घ्यावी, एवढ्या साध्या बदलास एक पैसाही खर्च येत नाही. परसात शेवगा, पालक, मेथी लावावी. गरोदर स्त्रीस व किशोरवयीन मुलीस आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नियमाने द्याव्यात.

दुसरे उदाहरण मुलींच्या शिक्षणाचे. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी किंवा मजुराची मजुरी वाचविण्यासाठी शाळा सोडावयाची वेळ आली की, ती बहुधा मुलीवर येते. एकदा शाळा सुटली की पुढे लग्नाचा विचार वेळेआधीच सुरू होतो. वरील पाहणीतच राज्यातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा २१.९ जणींचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झाले असल्याचे दिसून आले. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. एका हंगामाची मजुरी वाचविण्यासाठी मुलीचे सारे आयुष्य खर्ची घालणे, हा हिशेब कोणत्याही बाजूने फायद्याचा ठरत नाही.

तिसरे उदाहरण बहिणीच्या वाट्याचे. महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. असे असूनही वारसनोंदीच्या वेळी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत पुष्कळ गावांत आहे. बहीण बहुधा सही करते, कारण सही नाकारली तर माहेर तुटेल अशी तिला भीती असते. तिने राजीखुशीने दिले तर तो तिचा मोठेपणा; परंतु ज्या घरात “ताई, तुझी खरोखर काय इच्छा आहे?” असा प्रश्नच विचारला गेला नाही, तेथे त्याग झाला असे म्हणता येणार नाही. तो नुसता घेतला गेला. पुढे तीच बहीण पतीच्या निधनानंतर निराधार झाली, तर तिचा भार कोणी उचलावयाचा याचाही विचार भावांनी सही घेण्यापूर्वी करावा.

पिकांच्या पोषणात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. जमिनीत इतर सर्व अन्नद्रव्ये विपुल असली, तरी ज्या एका अन्नद्रव्याची उणीव असेल त्याच्याच मानाने पीक येते. कुटुंबाचेही तसेच आहे. घरात चार माणसे सुदृढ असली आणि एक जण सतत झिजत असला, तर घराची ताकद त्या झिजणाऱ्या माणसाएवढीच राहते.

कर्त्या पुरुषाचे मूक ओझे

त्यागाचा विचार करताना कर्त्या पुरुषास विसरून चालणार नाही. त्याच्या वाट्याला येणारा एक त्याग असा आहे की, जो कोणाच्याही नजरेस पडत नाही. घरच्यांना काळजी नको म्हणून तो कर्जाचा खरा आकडा सांगत नाही. पीक बुडाल्याचे दुःख, देणेकऱ्यांचा तगादा, मुलीच्या लग्नाची चिंता हे सारे तो एकटाच मनात बाळगतो. पुरुषाने रडू नये, घरच्या बायकामुलांना व्यवहार सांगू नये, अशी शिकवण त्याला लहानपणापासून मिळालेली असते. या एकटेपणातून कित्येक घरांवर न भरून येणारा आघात झालेला महाराष्ट्राने पाहिला आहे.

कर्ज सांगितल्याने कमी होत नाही, हे खरे. परंतु ते वाटले जाते. घरातील बाईला आकडा ठाऊक असेल तर ती खर्चाला आवर घालते, माहेरचा सल्ला घेते, बचतगटातून मार्ग शोधते. मुख्य म्हणजे पती रात्र रात्र जागा असतो, जेवत नाही, अबोल झाला आहे, याचे कारण तिला उमगते. अशी लक्षणे दिसल्यास आप्तांनी त्या माणसास एकटे सोडू नये. त्याच्याशी बोलावे व प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा सुरू केली; १४४१६ या क्रमांकावर तेथे विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या व सेवा सोसायटीच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवावा.

लग्नाचा खर्च आणि एका हेक्टराचे उत्पन्न

शेतकरी लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, असा आरोप फार जुना आहे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून फाजील महत्त्व दिले जाते असाच अभिप्राय दिला होता. तेव्हा सारा दोष शेतकऱ्याच्या हौसेवर टाकणे न्यायाचे नाही. मात्र जमीन जसजशी लहान होत गेली, तसतसा हा खर्च पूर्वीपेक्षा जड झाला आहे.

एक हिशेब मांडून पाहू. लग्नासाठी खाजगी रीतीने २ लाख रुपये दरमहा शेकडा ३ या दराने घेतले, असे समजा. महिन्याचे व्याज ६,००० रुपये व वर्षाचे ७२,००० रुपये झाले. आता एक हेक्टर सोयाबीन घ्या. १५ क्विंटल उत्पन्न आले आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेला ५,३२८ रुपयांचा आधारभूत दर पुरेपूर मिळाला, असे धरले तरी हाती ७९,९२० रुपये येतात. त्यातून नुसते व्याज दिल्यावर ७,९२० रुपये उरतात. बियाणे, खत, मजुरी, मळणी यांचा खर्च अद्याप वजा केलेलाच नाही. आणि मुद्दल तर जागच्या जागी आहे. दोन दिवसांच्या मांडवासाठी एका हेक्टराचे सारे वर्ष गहाण पडले.

म्हणून मुला-मुलींची लग्ने साधेपणाने, शक्य तर सामुदायिक विवाहात करावीत. हुंडा देणे व घेणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवावे. कर्ज घ्यावेच लागले तर ते सोसायटी, बँक किंवा बचतगटाकडून घ्यावे. परवान्यावाचून सावकारी करण्यास २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाने मनाई केली आहे. पीककर्ज मात्र लग्नाकडे वळवू नये. ते मुदतीत फेडणारास मिळणारी व्याजाची सवलत ही एक मोठी बचतच आहे, व एकदा खाते थकले की ती हातची जाते.

खर्चाचा क्रम कुटुंबाने एकत्र बसून ठरवावा. वर्षाचे धान्य, पुढील हंगामाचे बियाणे, मुलांचे शिक्षण, आजारपणासाठी राखीव रक्कम आणि कर्जाचा हप्ता या पाच बाबी अगोदर बाजूला काढाव्यात. उरलेल्या रकमेतून इतर खर्च करावा. घरच्या सोयाबीनचे बियाणे राखून ठेवले तर विकतच्या बियाण्याचा खर्च टळतो. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी व ७० अगर अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरणीस योग्य समजावे. घरातील स्त्रिया हे काम मोठ्या निगुतीने करतात.

आनंदालाही वेळ आणि हात लागतात

काटकसर म्हणजे नीरस जीवन नव्हे. आपल्या शेतकरी समाजाने कष्टाच्या वर्षात आनंदाचे दिवस मोठ्या शहाणपणाने पेरून ठेवले आहेत. कोल्हापूर-साताऱ्याकडे बेंदूर, विदर्भ-मराठवाड्यात पोळा, खानदेशात लेकी माहेरी येतात ती आखाजी. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत वेळ अमावस्येला गावेच्या गावे रानात जातात. ज्वारी कमरेएवढी वाढलेली असते, हरभरा फुलावर असतो. कडब्याची कोप उभारून पूजा होते आणि भज्जी, आंबील, उंडे, खीर यांचे वनभोजन होते. जमीन नसलेल्यालाही त्या दिवशी कोणीतरी आग्रहाने आपल्या रानात बोलावतो. या सणाला मांडव लागत नाही, वाजंत्री लागत नाही आणि कर्जही काढावे लागत नाही.

परंतु याही सणात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. भज्जीसाठी भाज्या निवडणे, शेंगा सोलणे, पीठ दळणे हे आदल्या दिवशी सुरू होते आणि घरातील स्त्रिया रात्रभर चुलीपुढे असतात. रानात पोहोचेपर्यंत त्यांच्या डोळ्यांवर झोप असते. सर्वांच्या आनंदाची किंमत दोघी-तिघींनीच मोजलेली असते. मुलांनी शेंगा सोलल्या, पुरुषांनी पाणी-सरपण आणून भांडी घासली, तर तो सण त्यांचाही होईल. ज्या आनंदात स्वयंपाक करणारी बाईही बसून गरम घास खाते, तोच खरा घरचा आनंद.

मोठ्या सणांइतकेच महत्त्व रोजच्या लहान सुखांना आहे. संध्याकाळी अंगणात सर्वांनी अर्धा तास एकत्र बसणे, मुलाचे पुस्तक ऐकणे, आजीला देवळापर्यंत घेऊन जाणे, सुनेला वर्षातून आठ दिवस निश्चिंतपणे माहेरी पाठविणे, या गोष्टींस खर्च नाही, परंतु वेळ लागतो. आणि वेळ तेव्हाच मिळतो, जेव्हा कामे वाटलेली असतात.

महिन्याची घरबैठक

हे सारे साधण्यासाठी महिन्यातून एकदा घरातील सर्वांनी ठरवून बसावे. आठवडा बाजाराच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ त्यास सोयीची. म्हातारी माणसे व जाणती मुले यांनाही बसवावे. वही समोर ठेवावी आणि चार प्रश्न घ्यावेत: या महिन्यात पैसा किती आला व कोठे गेला? देणे किती राहिले? पुढील महिन्यातील जड काम कोणते व ते कोण करणार? आणि घरात कोणास काय हवे आहे, जे त्याने आजवर बोलून दाखविले नाही?

असे समजा की, घरधन्याच्या मनात दुसरी म्हैस घ्यावयाची आहे. बैठकीत पत्नी म्हणते, “अहो, म्हैस घ्यायला माझी ना नाही. पण सकाळ-संध्याकाळ वैरणीचा भारा आणायचा कोणी?” सासूबाई म्हणतात, “सूनबाईचं खरं आहे बाबा. आहे त्या जनावराचंच तिला उरकत नाही.” तेव्हा असे ठरते की, अगोदर कडबाकुट्टी यंत्र घ्यावे, बांधावर गवत लावावे, संध्याकाळचा गोठा धन्याने सांभाळावा आणि मग पुढील वर्षी म्हैस आणावी. म्हैस एक वर्ष उशिरा येते, परंतु ती आली म्हणजे टिकते. हा निर्णय घरधन्याने एकट्याने घेतला असता, तर दुधाचा पैसा दिसला असता आणि पत्नीचे आजारपण नंतर.

निर्णयात वाटा असेल तर मालकीतही असावा. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहिती खातेदारांपैकी स्त्रिया सुमारे शेकडा १४ होत्या. शेतात राबणाऱ्या हातांच्या मानाने हे प्रमाण फारच थोडे आहे. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालविली, आणि १९९२ साली शासनाने पत्नीचे नाव सात-बारावर सहखातेदार म्हणून लावण्यासाठी निर्णय काढला. ज्यांनी अद्याप ही नोंद केली नसेल, त्यांनी तलाठ्याकडे चौकशी करून ती करून घ्यावी. दुर्दैवाने कर्ता पुरुष गेला तर त्याच्या पत्नीस कर्ज, पीकविमा, अनुदान यांसाठी वणवण करावी लागू नये, एवढ्यासाठी तरी हे अवश्य करावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांस सूचना

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा शेतीची माहिती पुरुषांस आणि घराची माहिती स्त्रियांस अशी विभागणी साहजिकच पडली. ग्रामसेविकांनी निर्धूर चूल, परसबाग, बालसंगोपन यांचे मोलाचे काम केले. परंतु शेतीची शिफारस ऐकणारा एक आणि ती अमलात आणणारी दुसरी, अशी स्थिती त्यामुळे पुष्कळ ठिकाणी राहून गेली. आज कार्य करणारांनी ही दरी बुजवावी.

कोणतीही शिफारस करण्यापूर्वी कार्यकर्त्याने स्वतःस विचारावे: हे काम घरात कोण करणार, आणि त्याच्या दिवसात त्यासाठी किती वेळ आहे? टोकण पद्धत, जादा खुरपणी, जीवामृत ढवळणे, शेळीपालन या गोष्टी कागदावर स्वस्त दिसतात, कारण त्यांत घरच्या बाईचे श्रम फुकट धरलेले असतात. शिफारशीबरोबर श्रम वाचविणारे अवजार व कामाची वाटणीही सुचवावी. सभेचे निमंत्रण पती व पत्नी दोघांस द्यावे. सभा स्त्रियांना सवड असते त्या वेळी, म्हणजे दुपारी किंवा रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी. प्रात्यक्षिकाच्या वेळी अवजार बाईच्या हाती देऊन तिचे मत विचारावे. आशा, अंगणवाडी सेविका, बचतगटाच्या प्रमुख यांच्याशी मेळ ठेवावा, कारण घरात आजार, कर्ज वा कलह आहे हे त्यांना अगोदर कळते.

घराघरांतून त्याग संपावा, असे येथे सुचवावयाचे नाही. तो कधीच संपणार नाही, आणि त्यावाचून संसार उभाही राहत नाही. तो आळीपाळीने व्हावा, एकमेकांस ठाऊक असावा आणि ज्याने केला त्याला त्याचे श्रेय मिळावे, एवढीच अपेक्षा आहे. येत्या खरिपाची आखणी करताना बियाणे, खते व पाणी यांच्या शेजारी वहीत आणखी एक रकाना आखावा आणि त्यात घरातील माणसांची नावे लिहावीत.